तुम्ही विचारलंत म्हणून: टास्क मॅनेजर उघडला की पंखा गप्प का बसतो?

बेळगावच्या शहापूर-वडगावातले डीटीपीवाले, खानापूरचे फोटो स्टुडिओ, निपाणीहून लॅपटॉप पिशवीत घालून येणारी कॉलेजची पोरं, माझ्याकडं दुरुस्तीला आले की सगळ्यांची तक्रार एकच. "काहीच चालू नाही हो, तरी पंखा ओरडायलाय. टास्क मॅनेजर उघडून बघितला तर सगळं शांत. बंद केला की परत सुरू." टास्क मॅनेजर म्हणजे कुठला प्रोग्राम प्रोसेसरला किती राबवतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी. आणि मी व्हायरस म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "पण आमच्याकडं चोरण्यासारखं आहे तरी काय? लग्नपत्रिका?"

तुमच्या पत्रिका त्याला नकोत. त्याला तुमचा प्रोसेसर पाहिजे आणि तुमची वीज. कॉम्प्युटरला गणितं करायला लावून त्या बदल्यात डिजिटल चलन मिळवायचं, याला मायनिंग म्हणतात, आणि ते करणारा प्रोग्राम म्हणजे मायनर. बिटकॉइन काढायला आता खास यंत्रं लागतात, घरच्या कॉम्प्युटरचं ते कामच नाही. पण मोनेरो नावाचं दुसरं चलन आहे. त्याने नोव्हेंबर 2019 मध्ये रँडमएक्स ही मायनिंगची पद्धत घेतली, आणि ती मुद्दाम साध्या प्रोसेसरला जमेल अशी बनवलेली आहे. वर मोनेरोचे व्यवहार कुणाकडून कुणाकडे गेले ते बाहेरून दिसत नाही. चोराला याहून सोयीचं काय असणार? एक्सएमरिग हा मायनिंगचा खुला, उघड प्रोग्राम आहे. तोच दुसऱ्याच्या मशीनवर लपवून चालवायचा आणि मिळकत आपल्या खात्यावर घ्यायची. तुमच्या तारेवर आकडा टाकून दुसऱ्याने गिरणी चालवावी, तसा हा प्रकार.

वीज किती खातो म्हणाल, तर समजा डेस्कटॉप एरवीपेक्षा 70 वॅट जास्त ओढतोय आणि रात्रंदिवस चालू आहे. महिन्याला 50 युनिटं गेली. दुकानाच्या बिलात ती निमूट भरली जातात. घरी मात्र आपल्या कर्नाटकात फुकट विजेच्या गृह ज्योती योजनेचा हिशेब आहे. ठरलेल्या युनिटांवर गेलात तर वरचे पैसे भरा, 200 ओलांडली तर अख्खं बिल भरा. बिल वाढलं की आधी फ्रिजकडं आणि मग सुनेकडं बघितलं जातं, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडं कुणाची नजर जात नाही.

आता गप्प बसण्याचं. हे मायनर कुठले प्रोग्राम उघडले जातात त्यावर नजर ठेवून असतात. टास्क मॅनेजरचं नाव दिसलं की काम थांबवतात, तो बंद झाला की पुन्हा चालू. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये काही दिसलं नाही याचा अर्थ काही नाही, असा होत नाही. उघडताक्षणी प्रोसेसरचा आकडा 90-100 टक्क्यांवर आणि दुसऱ्या सेकंदाला 5 वर, असं एकदा झालं तर सोडून द्या. टास्क मॅनेजरला स्वतःलाही उघडताना जोर लागतो. पण पंख्याचा आवाजही दर वेळी त्याच्याबरोबर खाली येत असेल, तर मी मशीन ठेवून घेतो.

मात्र प्रत्येक ओरडणारा पंखा म्हणजे मायनर नव्हे. उद्यमबागेतल्या कारखान्यांतून येणाऱ्या मशीनमध्ये धुळीचा थर इतका असतो की ब्रशनेच निम्मा आजार जातो. कधी विंडोजचं अपडेट चालू असतं, कधी डिफेंडरची, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचीच तपासणी.

खरा शोध मी दोन साधनांनी घेतो, प्रोसेस एक्सप्लोरर आणि ऑटोरन्स. पहिलं काय चालू आहे ते दाखवतं, दुसरं विंडोजबरोबर आपोआप काय सुरू होतं ते. दोन्ही मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटरनल्स या संचातली, फुकट. प्रोसेस एक्सप्लोररच्या फाइलचं नाव बदलून भलतंच ठेवतो, म्हणजे नावावरून ओळखणारा बऱ्याचदा फसतो आणि कामात सापडतो. तिथं नावाला भुलायचं नाही, फाइल कुठून चालते ते बघायचं. एसव्हीसीहोस्ट हा विंडोजचा स्वतःचा प्रोग्राम. तो विंडोजच्या सिस्टम32 फोल्डरमधून चालत असेल तर ठीक, ॲपडेटा किंवा प्रोग्रामडेटामधून चालत असेल तर तो तोतया. काही जण त्याहून हुशार, फाइली-फोल्डर दाखवणाऱ्या विंडोजच्या खऱ्या एक्सप्लोररच्या पोटातच शिरून बसतात. त्यांना पकडायचं ते टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालायच्या कामांच्या (टास्कच्या) विंडोजच्या यादीत. एका जातीच्या मायनरच्या टास्कचं नाव असं असतं: गूगलअपडेटटास्कमशीन, आणि शेवटी क्यूसी. क्रोमच्या खऱ्या जुन्या टास्कच्या शेवटी कोअर किंवा यूए असतं. या दोन अक्षरांवरून बनाव उघडा पडतो, पण घाईत वाचणारा गूगल दिसलं की पुढं सरकतो.

काढताना क्रम महत्त्वाचा. नुसती प्रोसेस मारली किंवा फाइल उडवली तर रीस्टार्टनंतर गडी परत हजर. आधी इंटरनेट तोडा. ते टास्क कुठली फाइल चालवतं ते लिहून घ्या आणि टास्क काढा. मग शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींवर चालतं तिथं) जा आणि फाइल काढा. त्यानंतर विंडोज नेहमीसारखं सुरू करून डिफेंडरमधली तपासणीतून वगळलेल्या फोल्डरांची यादी उघडा. मायनरने आपलं फोल्डर, कधी अख्खा सी ड्राइव्हच, तिथं घालून ठेवलेला असतो, म्हणून डिफेंडर वर्षभर "सगळं ठीक" म्हणत बसतो. ती यादी रिकामी केल्याशिवाय केलेलं स्कॅन फुकट. कुठल्या साइटला कुठं न्यायचं ते ठरवणारी विंडोजची होस्ट्स फाइलही बघा, अँटिव्हायरसच्या साइट कधी तिथून अडवलेल्या असतात. विंडोज अपडेट बंद पाडलेलं असेल तर चालू करा. शेवटी डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन. ते विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतं, त्यामुळं लपायला जागा राहत नाही.

हा येतो कुठून, हे विचारल्यावर मात्र सगळे छताकडं बघतात. आपल्याकडं पत्रिका मराठीत पाहिजे, कन्नडमध्येही पाहिजे, सोबत बॅनर आणि फ्लेक्स. म्हणजे दोन्हीकडचे फॉन्ट, कोरल, फोटोशॉप, आणि हे सगळं एका पेनड्राइव्हवर गल्लीभर फिरतं. सोबत असतो क्रॅक, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर पैसे न भरता चालवायची फाइल. त्या क्रॅकसोबतच्या सूचनेत पहिली ओळ असते: अँटिव्हायरस बंद करा. आपण आपल्या हाताने बंद करतो आणि ॲडमिनची परवानगीही देतो. परवडत नाही हे मला मान्य आहे, पण बऱ्याच कामांना इंकस्केप आणि गिंप ही फुकटची सॉफ्टवेअर पुरतात, आणि युनिकोड फॉन्टही फुकट मिळतात.

"फॉरमॅटच मारूया की" असंही म्हणतात. स्टुडिओचा हिशेब किंवा बँकेचं काम त्या मशीनवर होत असेल तर माझंही मत तेच. कारण ज्या क्रॅकमधून मायनर आला त्यातूनच पासवर्ड चोरणाराही येऊ शकतो, आणि तो पंखा वाजवत नाही. तेव्हा आधी फोटो-फाइली बाहेर काढा, सेटअप आणि क्रॅक मागेच ठेवा, विंडोज नव्याने टाका. आणि ईमेल, बँक यांचे पासवर्ड मोबाइलवरून बदला, त्या मशीनवरून नको.