कोपानचे अवशेष: दोन मुक्काम कराच

ग्वातेमालातल्या अँटिग्वाहून पहाटे निघालो, एल फ्लोरिदोच्या नाक्यावर शिक्के मारून घेतले आणि होंडुरासमध्ये शिरलो. तिथून कोपान रुईनास गाव जेमतेम बारा किलोमीटर. कोपान या प्राचीन माया नगरीचे अवशेष या गावालगतच आहेत. बरेच जण सकाळी येऊन संध्याकाळी परततात. ताईने आणि मी दोन रात्री काढल्या, तरी निघताना पाय निघेना.

गाव डोंगरउतारावर आहे. दगडगोट्यांचे रस्ते, लाल कौलं, मधोमध चौक. चढ चांगलेच आहेत, त्यामुळे चाकांची बॅग नेऊ नका, पाठपिशवीच बरी. गावात फिरायला तीनचाकी मोटोटॅक्सी मिळते. पहिल्याच गाडीवर ‘बजाज’ वाचलं आणि आम्ही दोघी पुणेकरणी एकदम सुखावलो. बसण्याआधी भाडं ठरवा, सुटे लेम्पिरा, म्हणजे इथलं चलन, जवळ ठेवा. अवशेषांपर्यंत मात्र चालतच जा, एक किलोमीटरची सपाट वाट आहे.

सकाळी आठला दार उघडतं, तेव्हाच हजर राहा. आत शिरताच डोक्यावरून लालभडक मकाव, म्हणजे मोठे पोपट, ओरडत गेले. पिंजऱ्यात वाढवून इथे मोकळे सोडलेले हे पक्षी आता झाडांवर राहतात. माया लोकांच्या चेंडूखेळाच्या मैदानाच्या कडेला मकावचीच दगडी डोकी आहेत. वर खरा पक्षी, खाली दगडातला.

वाटाड्या घ्याच. पैसे वाचवायची ही जागा नव्हे. आमच्या वाटाड्याने आधी ‘क्यू’ वेदीपाशी नेलं, आणि ते फार बरं झालं. चौकोनी दगड, चार बाजूंना चार-चार असे सोळा राजे मांडी घालून बसलेले. सन 426 मध्ये गादीवर आलेला संस्थापक कीनिच याश कुक मो सोळाव्या राजाच्या, याश पासाहच्या, हाती राजचिन्ह देतोय. दोघांमध्ये साडेतीन शतकांचं अंतर! मूळ पुरुषाकडून थेट मला, असं त्या सोळाव्याला ठासून सांगायचं होतं.

हे डोक्यात बसलं की चित्रलिपीचा जिना उमगतो. त्रेसष्ट पायऱ्या, दोन हजारांहून अधिक अक्षरचिन्हं. माया लोकांचा ज्ञात असलेला सगळ्यात लांब कोरीव लेख. 738 मध्ये कोपानच्या तेराव्या राजाचा किरिग्वा या दुसऱ्या माया नगरीच्या राजाने शिरच्छेद केला. त्या मानहानीनंतर पंधराव्या राजाने हा जिना वाढवून पुरा केला आणि घराण्याचा सगळा इतिहास दगडात मांडला. पुढे जिना ढासळला. खालच्या पंधराएक पायऱ्याच जागेवर सापडल्या, वरच्या नंतर क्रम न कळताच रचल्या गेल्या. म्हणजे पोथीची पानं विस्कटलेली. छताखालच्या त्या दगडांसमोर मी बराच वेळ नुसती उभी होते.

शिल्पसंग्रहालयाचं तिकीट वेगळं आहे, ते काढाच. बाहेरची ‘क्यू’ वेदी प्रतिकृती आहे, मूळ इथे आहे. सापाच्या जबड्यातून अंधाऱ्या बोगद्यात शिरायचं, आणि बाहेर पडताच समोर रोसालिला मंदिर उभं, पूर्ण आकाराचं, लालबुंद. खरं रोसालिला 1989 मध्ये मोठ्या पिरॅमिडच्या पोटात अखंड सापडलं. माया लोकांनी ते न पाडता जपून पुरलं होतं. पिरॅमिडच्या पोटातल्या खऱ्या बोगद्यांचं तिकीट निराळं आणि महाग. आम्ही काढलं, पण त्यात दिसतं थोडंच. पैसे मोजके असतील तर ते वगळून संग्रहालय बघा.

शाकाहारींसाठी बालेआदा: गव्हाची जाड पोळी, आत घोटलेल्या लाल घेवड्याच्या बिया, चीज, साय. चौकाजवळच्या मावशी हातावरच पोळी फिरवत थापत होत्या. बियांत डुकराची चरबी असू शकते, म्हणून ‘सिन मान्तेका’ म्हणजे ‘चरबीविना’ हे दोन शब्द पाठ करून जा. इथली कॉफी त्याच डोंगरांतली, ती घ्याच.

नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा काळ. डासांचं मलम, टोपी, पाणी हवंच. आणि तिकीट फेकू नका. दोनेक किलोमीटरवरच्या लास सेपुल्तुरासला, सरदार-लेखनिकांच्या घरांच्या जोत्यांना, तेच चालतं. तिथे दुपारभर आमच्याखेरीज चिटपाखरू नव्हतं.