आंजर्ल्याचं छप्पर: गळतीचा चोर सापडला, बेत बदलला

वळवाच्या पहिल्याच सरीत आमच्या आंजर्ल्याच्या कौलारू घराच्या माजघरातली गळती पुन्हा सुरू. जागा तीच, देवघराच्या उंबऱ्यावर. मागच्या वेळी लिहिलं तेव्हा तिथली फुटकी कौलं काढून झाली होती, कुजका वासा (छपराचा उतरता लाकडी दांडा) बदलला होता, रिपाही (वाशांवरच्या आडव्या पट्ट्या, कौलं यांवरच टेकतात) नव्या ठोकल्या होत्या. तरी टप टप टप. पातेलं ठेवलं आणि डोकं धरून बसलो.

आता कारण सापडलंय. शाकारणीला, म्हणजे पावसाआधी कौलं नीट करायला, येणाऱ्या काकांनी युक्ती सांगितली: "वरून पाणी ओतत बसू नको. वळचणीपासून सुरू कर आणि एकेक ओळ वर चढ." वळचण म्हणजे छपराची खालची कड. मी शिडीवर तांब्या घेऊन, काका माजघरात बॅटरी घेऊन. एका ओळीवर पाणी ओतायचं, थांबायचं, आतून "नाय" आलं की पुढची ओळ. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच ओळींवरून उतरतं आणि काहीच कळत नाही. उंबऱ्यावरच्या ओळी कोरड्या निघाल्या. आतून "हां, थांब!" आलं ते पार आढ्याजवळ, छपराच्या माथ्याशी. तिथून आत शिरलेलं पाणी रिपेवरून वाशावर यायचं, वाशाच्या पोटाने घरंगळत खाली जायचं आणि एका गाठीपाशी अडून ठिबकायचं. म्हणजे इतके दिवस आम्ही त्या गाठीखालची जागा दुरुस्त करत होतो!

आणि ते कौल फुटकं नव्हतंच. बोटाच्या पेराने वाजवलं तर खणखणीत. चीर असती तर आवाज बद्द आला असता. पण हात ठेवला की डुलायचं. वरच्या कौलाची शेपटी खालच्याच्या खाचेत न बसता कडेवर टेकलेली, आणि मधल्या फटीत पेन्सिल सहज जाते. सरळ पडणारा पाऊस त्यातून येत नाही. नैर्ऋत्येचा वारा पाणी खालून वर ढकलतो तेव्हा येतो.

कौल उलटं केलं आणि उलगडा झाला. कारखान्याचा छाप वेगळा. शेजारच्याचा तिसराच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली तालुक्यात कौलांसाठी काय पळापळ झाली ते तुम्हाला सांगायला नको. पाऊस डोक्यावर, मिळेल ते कौल उचला आणि भोक बुजवा. आमच्या छपरावरही तेव्हा तसंच झालं. मंगलोरी कौल म्हणजे सगळीकडे एकच, असं आपण धरून चालतो. पण आयएस ६५४ या भारतीय मानकातच त्याची तीन मापं आहेत: ४१० × २३५, ४२० × २५० आणि ४२५ × २६० मिलिमीटर. लांबीचा फरक रिपांच्या अंतराला नडतो, आणि रुंदीतले १५ मिलिमीटर शेजारच्या कौलाची खाच सोडवतातच.

मग अंगणात मोजमाप काढलं. एका छापाची बारा कौलं पालथी घालून एकमेकांत अडकवायची. आधी घट्ट दाबून दहा कौलांचं अंतर मोजायचं, मग खाचेतून न सुटता जितकी ताणता येतील तितकी ताणून पुन्हा मोजायचं. दोन्हींची सरासरी काढून दहाने भागली की रिपांमधलं अंतर मिळतं. आमची जुनी कौलं साडेबारा इंचांवर बसतात, वखारीतली नवी तेराला मागतात. रिपा सगळ्या साडेबारावर. मग नवं कौल डुलणार नाही तर काय! उरलेल्या रिपेच्या तुकड्याला दोन्ही मापांच्या खाचा पाडून मापकाठी केली आहे. या अख्ख्या प्रकरणात सर्वांत समाधान देणारी वस्तू तीच.

बेत असा होता की माजघराच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या त्या उतारावर, सगळी नवी कौलं चढवायची. तो रद्द. आता घरभरची जुन्या छापाची कौलं गोळा करून पावसाच्या तोंडावरच्या नैर्ऋत्येकडच्या पाख्यावर जातील. नवी सगळी मागच्या पडवीवर; तिथल्या रिपा नाहीतरी वाळवीने खाल्ल्यात, त्या तेरावरच ठोकू. जुनी कमी पडली तर पाडलेल्या घरांची मिळतात. गावोगाव स्लॅब पडतायत, कौलं कुंपणाशी रचून ठेवलेली असतात. वखारवाला म्हणतो "जुनं कशाला घेता, नवं रंगवून देतो." रंगवलेलं कौल मला फुकटही नको. रंगाचे पापुद्रे सुटतात आणि तोवर बारीक चीरसुद्धा दिसत नाही. कौलाखाली प्लास्टिक अंथरा म्हणणाऱ्यांनाही माझा नमस्कार. वारा बंद झाला की ओल लाकडातच मुरते. आधीच चुलीचा धूर गेल्यापासून वाशांना कीड लवकर धरते.

खिळे मात्र स्टेनलेसचे घ्या, महाग पडले तरी. समुद्र इतका जवळ की साधा खिळा रिपेतच गंजतो आणि लाकूड काळं पडतं. वळचणीच्या दोन ओळी तारेने बांधतोय, कौलाच्या पोटाशी भोक असतं ते त्याचसाठी. वादळात पहिली उडाली ती याच ओळींतली, आणि वानरंही उडी इथेच टाकतात.

हे लिहिता लिहिताच सुचलं: पडवीच्या रिपा नव्याने ठोकायच्याच आहेत, तर स्वयंपाकघराच्या बाजूला दोन काचेची कौलं का नकोत? तिथे दिवसाही दिवा लावावा लागतो. पण काचेचं कौल आपल्या मातीच्या कौलाच्या मापाचं हवं, नाहीतर हीच कथा पुन्हा. तेरा इंचांना बसणारं कुणाला कुठे मिळालं असेल तर सांगा. कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, अजून राहिलेत. मागच्या वेळचं सिमेंट तडकून सुटलंय, यंदा चुन्यात बसवायचा विचार आहे. चुन्यात वाळू किती घालता तेही कळवा.