चौथा हिस्सा

रिपोर्ट शनिवारी दुपारी मोबाइलवर आला. ओपीडी आटोपत आली होती आणि बाहेर, द्राक्षवाल्यांच्या छातीत धडकी भरेल असा ऑक्टोबरचा पाऊस लागला होता. पीडीएफमध्ये कामाची ओळ एकच होती : यूएल ९७, एल ५९५ एस. विषाणूच्या एका प्रथिनात ५९५ व्या जागी ल्युसिन हे अमिनो आम्ल असायला हवं होतं, तिथे सेरीन येऊन बसलं होतं.

पेशंट पिंपळगाव बसवंतकडचा, चोवीस वर्षांचा. मे महिन्यात आईची किडनी त्याला बसवली. आपल्याकडे बहुतेकांना सायटोमेगॅलोव्हायरस म्हणजे सीएमव्ही लहानपणीच होऊन जातो आणि पत्ताही लागत नाही. हर्पिसच्या कुळातला हा विषाणू एकदा शिरला की जन्मभर मुक्कामी असतो. आईच्या रक्तात त्याच्या अँटिबॉडी होत्या, पोराच्या रक्तात नव्हत्या. अशी जोडी आमच्याकडे क्वचित येते, आणि आली की धाकधूक असते, कारण किडनीसोबत विषाणूही येतो आणि प्रतिकारशक्ती आम्हीच औषधांनी दाबून ठेवलेली असते. म्हणून पहिल्यापासून व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरची गोळी चालू होती. गोळी चालू असतानाच सप्टेंबरात जुलाब, ताप, सहा किलो वजन कमी. कोलोनोस्कोपीत आतड्याला व्रण दिसले. पॅथॉलॉजिस्टने मला मुद्दाम मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. फुगलेल्या पेशी, मधोमध गडद ठिपका, भोवती पांढरं वलय. घुबड रोखून बघतंय असं वाटावं.

शिरेतून गॅन्सिक्लोव्हिर सुरू केलं, पूर्ण डोसमध्ये. दोन आठवड्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, उतरायचा सोडून अठरा हजारांवरून एक्केचाळीस हजारांवर गेला आणि पांढऱ्या पेशी मात्र दोन हजारांवर आल्या. औषध पोराला बाधत होतं, विषाणूला नाही. तेव्हा विषाणूत बदल झालाय का हे तपासायला रक्त बर्फात घालून मुंबईला पाठवलं होतं.

या औषधाची गंमत अशी की शरीरात जातं तेव्हा ते निकामीच असतं. त्याला फॉस्फेटची पहिली कडी जोडली गेली तरच पुढचं सगळं. ही कडी विषाणूचंच एन्झाइम जोडतं. पुढच्या दोन कड्या आपल्या पेशीतली एन्झाइम जोडतात आणि मग ते विषाणूच्या डीएनएची नक्कल अडवतं. कॉलेजात अ‍ॅसायक्लोव्हिर या हर्पिसवरच्या औषधाच्या बाबतीत, कडी जोडणारं एन्झाइम म्हणून आम्ही थायमिडिन कायनेज घोकलं होतं, ज्या कामात गर्ट्रूड एलियनचा मोठा वाटा होता आणि तिला १९८८ चं नोबेल मिळालं. पण सीएमव्हीकडे थायमिडिन कायनेज नाहीच. मग ती पहिली कडी जोडतं कोण? उत्तर १९९२ मध्ये मिळालं : यूएल ९७ नावाचं प्रोटीन कायनेज. विषाणूने ते अर्थातच आमच्या सोयीसाठी बाळगलेलं नाही. पेशीच्या केंद्रकाला आतून लॅमिनचं अस्तर असतं, ते ढिलं करून नव्या कणांना बाहेर वाट करून देणं, पेशीच्या वाढीवरचा आरबी नावाचा ब्रेक सैल करणं, ही त्याची घरची कामं. आमचं औषध तिथे चुकून ओळखलं जातं, एवढंच. एल ५९५ एस झालेलं कायनेज घरची कामं चोख करतं, फक्त औषधाला ओळख देत नाही.

मी वॉर्डात गेलो. मुलाचे वडील, अण्णा, पलंगाच्या पायथ्याशी स्टूल टाकून बसले होते. औषध लागू पडत नाही, बदलावं लागेल, असं सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "डॉक्टरसाहेब, नुसतं नाव बदलताय का गट बदलताय?"

मी बघतच राहिलो. छाटणीनंतर द्राक्षावरच्या डाउनी म्हणजे केवडा रोगासाठी फवारताना एकाच गटाचं औषध लागोपाठ मारायचं नाही, हे त्यांच्या रोजच्या हिशेबातलं होतं. गट बदलतोय, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि अगदी सहज म्हणाले, "आमच्याकडं डोस कमी पडला का डाउनी मरत नाही, सोकावते."

त्यांनी मला उद्देशून म्हटलं नव्हतं. पण मी खाली येऊन फाइल काढली. ऑपरेशननंतर किडनी कामाला लागायला वेळ घेत होती, क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, तिशीत होता, म्हणून गोळी ४५० मिलिग्रॅम दिवसाआड. त्या वेळी बरोबर. जुलैच्या पहिल्या आठवड्यात क्लिअरन्स साठच्या वर गेला, म्हणजे रोज ९०० हवी होती. खाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : "उत्तम. सर्व औषधे तशीच चालू." अडीच महिने पोरगा डोसचा चौथा हिस्सा घेत होता, तोही एक दिवस न चुकवता.

फाइल घेऊन पुन्हा वर गेलो आणि अण्णांना ते पान दाखवलं. काय व्हायला हवं होतं, मी काय लिहिलं, दोन्ही सांगितलं. त्यांनी चष्मा लावून आकडे वाचले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिला आत्ता नका सांगू." ती म्हणजे किडनी देणारी आई. घरी जाण्याआधी मात्र मी तिलाही सांगितलं.

मॅरिबॅव्हिर नावाचं औषध याच यूएल ९७ ला बंद पाडतं. अमेरिकेत त्याला नोव्हेंबर २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. गॅन्सिक्लोव्हिरसोबत ते देता येत नाही, कारण कडी जोडणारंच जायबंदी होतं. आमच्या हाताशी ते नव्हतं. होतं फॉस्कारनेट. त्याला कुठल्या कायनेजची गरज नाही, ते थेट विषाणूच्या पॉलिमरेजवर, म्हणजे डीएनएची नक्कल करणाऱ्या एन्झाइमवर, बसतं. अडचण अशी की ते किडनीला जाचतं, आणि इथे किडनी एकच, तीही उसनी.

आधी सलाइन, मग पंपावर सावकाश फॉस्कारनेट, सोबत प्रतिकारशक्ती दाबणारी एक गोळी निम्मी. रात्री साडेअकराला पोरगा म्हणाला, "सर, ओठांभोवती मुंग्या येतायत." कॅल्शियम उतरलं होतं. पंप थांबवला, कॅल्शियम दिलं, दर कमी करून पुन्हा लावला. पहाटे चारपर्यंत मी तिथेच होतो. अण्णा मध्येच उठून खिडकीतून पाऊस बघून येत.

नोव्हेंबरात लागोपाठ दोन पीसीआर निगेटिव्ह आले. रक्तातलं क्रिएटिनिन, जे किडनी मंदावली की वाढतं, १.२ वरून १.७ वर गेलं आणि तिथेच राहिलं.