तंग आवळताना राणी कान पाडायची

रपेट शिकायला पुण्याजवळच्या एका क्लबात नाव घातलं. फी, हेल्मेट, पहिलं पडणं, सगळं पंधरा दिवसांत उरकलं. अडलं ते राणी घोडीच्या तंगापाशी.

तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, हातात घेतला की राणी कान मानेला चिकटवायची, शेपटी सपकन मारायची, कधी माझ्या कोपराकडे दात. "नाटकं आहेत, आवळा," असं सर म्हणायचे. मी आवळायचे. तासाचे पैसे भरलेले आणि मला घाई. आता आठवलं की लाज वाटते.

एकदा खरारा करताना मोतद्दार मामा म्हणाले, "ताई, कान राहू द्या, डोळ्यावर बघा." पापणीच्या वर टोकदार सुरकुती उठली होती, जबडा दगडासारखा. मामांनी खरारा मागे पुठ्ठ्याकडे, ढुंगणाच्या भागाकडे नेला तसा तिचा खालचा ओठ लोंबला, मागचा एक पाय खुराच्या टोकावर टेकवून ती पेंगायला लागली. खांद्यामागे आणला, सुरकुती हजर. (मागचा पाय असा टेकवणं आरामाचं. पुढचा पाय पुढे काढून ठेवत असेल तर दुखणं समजा.)

घोड्याची वेदना चेहऱ्यावरून मोजायची एक पट्टी २०१४ साली प्रसिद्ध झाली आहे. खुणा सहा: ताठ मागे गेलेले कान, आक्रसलेला डोळा, डोळ्यावरचा ताण, फुगलेला जबडा, आवळलेलं तोंड नि हनुवटी, ताणलेल्या नाकपुड्या. राणीच्या चार जुळल्या.

मग ऑफिस. डॉक्टर महिन्यातून एकदाच येणार, त्यासाठी रजिस्टरात नाव हवं. रकाने तीन: लंगडतो, खात नाही, जखम.

"यातलं काय लिहू?"

"यातलं काही नाही, पण तिला दुखतंय."

"घोडीनं सांगितलं का?"

रोज सांगत होती की! पण त्याला रकाना नव्हता. त्या महिन्यात डॉक्टर आले नि गेले, आम्हाला कळलंसुद्धा नाही. नंतर दर रविवारी मी चौकशीला गेले की तेच उत्तर, "चालते ना नीट? मग?" शेवटी मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागले: तंगाआधी, आवळताना, सोडल्यावर. काढणार असाल तर बाजूनं काढा, कान-डोळा-नाकपुडी एकत्र दिसेल असा. अगदी कपाळासमोर आणि थेट मागे घोड्याला दिसत नाही, तिथे उभं राहू नका. पुढच्या फेरीला सकाळी सातलाच फाटकात डॉक्टरांना गाठलं.

त्यांनी रजिस्टर उघडलंच नाही. कण्याच्या डाव्या बाजूला तीन बोटं दाबली, राणीची पाठ खचकन खाली गेली. खोगीर अरुंद, तिथेच रुतत होतं. पंधरा दिवस पाठ मोकळी, मग रुंद खोगीर. दोन मिनिटांचं काम, त्याला सात आठवडे!

आता तंग एकेक भोक करत, मधे चार पावलं फिरवून आवळते. कान अजून मागे जातात, सुरकुती उठत नाही. आणि हो, मागे वळलेला प्रत्येक कान रागाचा नसतो. पाठीवरून आपण बोललो तरी ती ऐकायला कान फिरवते. चपटे पडले की थांबायचं.