खंडेनवमीच्या दिवशी सात अडॅप्टर

खंडेनवमीला आमच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, सोल्डरिंग गन असं सगळं पाटावर मांडून पूजा होते. पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, ही आईची शिस्त. गेल्या वर्षी पूजा आटोपली आणि साडेदहाला नाशिकच्या पंचवटीतून बाईंचा फोन आला. "अगं, पार्सल आलंय. सातही आहेत. येतेस ना लावायला?" वायफायचा अडॅप्टर लावायला हत्यार लागत नाही, नुसता यूएसबीत खोचायचा. म्हणून पिशवीत फक्त लॅपटॉप टाकला, दुकानात शिकायला येणाऱ्या मुलाला बरोबर घेतलं आणि तासाभरात येते असं आईला सांगून निघाले.

बाई निवृत्त शिक्षिका. वाड्याच्या माडीवर त्यांनी मुलांसाठी अभ्यासिका काढली होती. सातपूरच्या एका कारखान्याने ऑफिसातले आठ जुने डेस्कटॉप देऊन टाकले होते, मी ते झाडूनपुसून, रॅम बदलून चालू केले होते. दसऱ्याला सकाळी नऊला उद्घाटन होतं आणि पत्रिका वाटून झाल्या होत्या. इंटरनेटचा राउटर खाली ओसरीत. तिथून माडीवर केबल न्यायची तर सागवानी तुळईशेजारी भोक पाडावं लागलं असतं आणि वाड्यातल्या बाकीच्या वाटेकऱ्यांना ते मंजूर नव्हतं. डेस्कटॉपमध्ये वायफाय कार्ड नव्हतं. तेव्हा यूएसबी अडॅप्टर हाच मार्ग.

बाईंची एक अट होती. सगळ्या संगणकांवर फक्त मुक्त सॉफ्टवेअर हवं, म्हणजे ज्याचा सोर्स, मूळ लिहिलेला प्रोग्राम, कुणालाही वाचता-बदलता येतो असं. ही अट त्यांनी कुठल्या व्याख्यानात ऐकलेली नव्हती. नोकरीत असताना त्यांनी बारा वर्षं मराठी व्याकरणाची टिपणं संगणकावर टाइप केली होती. तेव्हाचं ते मराठी सॉफ्टवेअर विकतचं, त्याचा फॉन्ट त्याचा स्वतःचा, आणि संगणकाच्या मागे एक कुलूपवजा डोंगल लावल्याशिवाय ते उघडायचंच नाही. पुढे डोंगल बिघडलं, सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालेना. टिपणं आजही सीडीवर आहेत, पण उघडली की "Ë" आणि "ÖÖ" अशी चिन्हं दिसतात. मी ती फाइल पाहिली आहे. स्वतःच लिहिलेलं स्वतःला वाचता येत नाही, हे त्या बोलून दाखवतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. म्हणून माडीवरच्या आठही संगणकांवर मी ट्रिस्केल टाकलं होतं. उबंटू या लिनक्स प्रणालीवर आधारलेली, पण ज्याचा सोर्स उघडा नाही असं काहीही न ठेवणारी ही प्रणाली. तिचं कर्नलही, म्हणजे प्रणालीचा गाभाही, तसंच, लिनक्स-लिब्रे.

महिनाभर आधी मी नमुना म्हणून एक अडॅप्टर आणून पाहिला होता. खोचला आणि चालला. मग बाईंनी तोच मॉडेल नंबर देऊन आणखी सात ऑनलाइन मागवले.

डबा तोच. रंग तोच, अँटेना तशीच, मॉडेल नंबर अक्षरानअक्षर तोच. पहिला खोचला, दिवा लागला नाही. दुसरा, तिसरा. मुलाने लगेच टर्मिनल उघडून 'एलएसयूएसबी' ही यूएसबीत काय काय खोचलंय ते दाखवणारी आज्ञा चालवली आणि म्हणाला, "ताई, यात वेगळंच नाव दिसतंय." नमुन्याच्या अडॅप्टरमध्ये अथेरॉसची एआर ९२७१ ही चिप होती. या सातांत दुसऱ्याच कंपनीची. डब्याच्या बुडाशी, बारकोडच्या शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : व्हर्जन २. कंपनीने आतला सगळा जीव बदलला होता आणि नाव तेच ठेवलं होतं. ऑनलाइन यादीत व्हर्जनचा उल्लेखच नव्हता. मला फार राग आला. गिऱ्हाईक नाव बघून घेतं, तर नावाखाली एकच वस्तू असायला हवी.

इथे थोडं थांबून सांगते, कारण पुढचं सगळं यावर आहे. वायफाय अडॅप्टर म्हणजे नुसती तार नाही, तो छोटा संगणकच आहे. त्यात प्रोसेसर असतो आणि त्या प्रोसेसरला चालवायला प्रोग्राम लागतो, तो म्हणजे फर्मवेअर. बऱ्याच अडॅप्टरांत हा प्रोग्राम कायमचा साठवलेला नसतो. दर वेळी खोचल्यावर आपला संगणक तो त्याच्या हातात देतो. ड्रायव्हर, म्हणजे संगणकाच्या बाजूने अडॅप्टरशी बोलणारा प्रोग्राम, मुक्त असला तरी हे फर्मवेअर बहुतेक कंपन्यांचं बंद असतं : चालवा, पण आत काय आहे ते बघू नका, बदलू नका. आजचे पाच गिगाहर्ट्झवर चालणारे वेगवान यूएसबी अडॅप्टर इथेच अडतात. लिनक्समध्ये ड्रायव्हर असतो, जोडीची फाइल मात्र बंद. लिब्रे कर्नल ती फाइल घेतच नाही. फ्री फर्मवेअर सापडलं नाही आणि नॉन-फ्री लोड करणं बंद आहे, अशा अर्थाची ओळ 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, येते आणि काम थांबतं. सातही वेळा आमच्यासमोर तीच ओळ आली.

एआर ९२७१ चं वेगळेपण असं की २०१३ मध्ये तिच्या फर्मवेअरचा सोर्स खुला झाला. त्याच वर्षी ही चिप असलेल्या, थिंकपेंग्विन या अमेरिकी दुकानाच्या अडॅप्टरला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणाऱ्या संस्थेने 'रिस्पेक्ट्स युअर फ्रीडम' हे मुक्त सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या उपकरणांसाठीचं प्रमाणपत्र दिलं. ड्रायव्हरचं नाव एटीएच९के-एचटीसी. चिप जुनी आहे, फक्त २.४ गिगाहर्ट्झ, कागदावर १५० एमबीपीएस. पण तिच्यावर चालणारी प्रत्येक ओळ कुणालाही वाचता येते.

मुलगा म्हणाला, "ताई, साधं उबंटूचं कर्नल टाकू, ती फाइल कॉपी करू. दहा मिनिटं. उद्या कोणाला कळणार आहे?" तो हुशार आहे आणि त्याचं तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. मी बाईंकडे पाहिलं. त्या खुर्च्या पुसत होत्या. हातातलं फडकं ठेवून त्यांनी विचारलं, "म्हणजे आपल्याला न दिसणारं काहीतरी आत जाईल, असंच ना?" मी हो म्हणाले. "मग नको. पाटीवर लिहिलंय ना मी." खाली दारावर खरंच पाटी होती : 'येथील सर्व संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात.' रंग अजून ओला होता.

दुपारी एकला आम्ही स्कूटरवर होळकर पूल ओलांडून अलीकडे आलो. पंचवटी कारंजापासून झेंडूचे ढीग, आंब्याचे टाळे, आपट्याच्या जुड्या, गाडी सरकेना. एम. जी. रोडवर दसऱ्याची मोबाइलची गर्दी. माझ्या लॅपटॉपवरही ट्रिस्केलच आहे, म्हणून कसोटी सोपी होती : खोचायचं आणि बघायचं. 'एलएसयूएसबी'त ०सीएफ३:९२७१ हा आकडा हवा. चालणाऱ्याला डीमेसेजमध्ये फर्मवेअर पोचल्याची ओळ येते, ५१,००८ बाइट. ती ओळ आली की झालं.

पहिल्या दुकानातल्या भाऊंनी डबा फोडू दिला नाही. दुसऱ्या दुकानात चार प्रकार दाखवले, चारही नखाएवढे, चारही बंद फर्मवेअरचे. एक तर खोचल्यावर चक्क सीडी ड्राइव्ह म्हणून उभा राहिला. पोटातच विंडोजचा ड्रायव्हर घेऊन आलेला. तिसऱ्या दुकानातले शेठ मन लावून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "ताई, हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे म्हणून चालत नाहीये का?" म्हटलं, "फुकटचं नाही शेठ, मुक्त. पैसे देऊन घेतलं तरी मुक्तच. उघडून बघता येतं, दुरुस्त करता येतं, दुसऱ्याला देता येतं." ते म्हणाले, "मग तुमच्या दुकानासारखंच की. तुम्ही उघडूनच दुरुस्त करता." मला ते फार पटलं. माझा धंदाच उघडता येणाऱ्या वस्तूंवर चालतो. शेठकडे माल नव्हता, पण त्यांनी पत्ता दिला. नाशिकरोडला बिटकोच्या मागच्या गल्लीत एक काका आहेत, बंद पडलेल्या सायबर कॅफेंचा माल घेऊन ठेवतात.

द्वारकेच्या सिग्नलला पाऊण तास गेला. काकांकडे पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते आणि ते शटर ओढायच्या बेतात होते. त्यांच्याही टेबलावर पक्कड, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर आणि वर झेंडू. त्यांनी खोक्यातून पाच काळे अडॅप्टर काढले. लांब अँटेनाचे, कंपनीचं नाव नसलेले, धुळीने माखलेले. मी म्हटलं, काका, एखादा खोलून चिप बघू का? "आज हत्यार उचलत नाही मी. लावून बघा हवं तर."

लावून बघितले. पहिला : ९२७१, ५१,००८ बाइट, हिरवा दिवा लुकलुकायला लागला. मुलाने आनंदाने माझ्या हातावर टाळी दिली. दुसरा, तिसरा, चौथाही तसाच. पाचवा दिसायला हुबेहूब, पण आत वेगळीच चिप. एकाच खोक्यातले, एकाच साच्यातले पाच, आणि तरी एक परका. तो मी परत दिला. काकांनी चारांचे हजार रुपये घेतले आणि चिपचा आकडा कागदावर लिहून मागितला.

नमुन्याचा एक आणि हे चार, मिळून पाच. संगणक आठ. दुकानं बंद झालेली, अमेरिकेहून मागवायचं तर आठवडे. स्कूटरवर मागे बसलेला मुलगाच मध्येच ओरडला, "ताई, केबल! माडीवरून खाली न्यायची नाही, पण टेबलावरून टेबलावर न्यायला कोण अडवतंय?" मी गाडी बाजूलाच घेतली. बरोबर होतं त्याचं. प्रत्येक डेस्कटॉपला लॅनचं, म्हणजे नेटवर्कची केबल लावायचं, पोर्ट आहे. ज्याला वायफाय मिळालं आहे त्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये वायर्ड कनेक्शन 'शेअर्ड टू अदर कॉम्प्युटर्स' केलं की तो शेजाऱ्याला १०.४२.०.चा पत्ता देतो आणि स्वतःचं इंटरनेट पुढे पोचवतो. तीन जोड्या, तीन छोट्या केबल. केबल आमच्या दुकानातच होत्या.

रात्री साडेआठला पुन्हा माडीवर. एक अडचण राहिलीच होती. राउटर लावणाऱ्याने फक्त पाच गिगाहर्ट्झचं नेटवर्क चालू ठेवलं होतं, ते या चिपला दिसतच नाही. २.४ चंही चालू केलं. खरं तर त्या वाड्यात २.४ हेच शहाणपणाचं. विटामातीच्या हातभर जाड भिंतींतून कमी वारंवारितेची लहर जास्त पोचते. कोपऱ्यातल्या दोन संगणकांना तरी सिग्नल कमी येत होता, कारण अडॅप्टर कॅबिनेटच्या मागे, लोखंड आणि भिंतीच्या सांदीत अडकले होते. त्यांना हातभर यूएसबी एक्स्टेन्शन लावून टेबलावर आणलं आणि ते सुधारले. यूएसबी ३ चं पोर्ट असलेल्या संगणकावर अडॅप्टर त्या पोर्टाजवळ ठेवायचाच नाही, तिथली खळबळ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच जाते. हे जुने संगणक होते, तो त्रास वाचला.

पावणेअकराला आठही पडद्यांवर पान उघडलं. बाईंनी आम्हाला पुऱ्या आणि बटाट्याची भाजी वाढली, त्याआधी एकेका संगणकासमोर बसून स्वतः एकेक मराठी ओळ टाइप करून पाहिली. युनिकोडमध्ये, साध्या फाइलमध्ये. पाचव्या संगणकावर त्यांनी लिहिलं, 'संधी म्हणजे जवळ आलेल्या दोन वर्णांचे एकमेकांत मिसळणे.' त्यांच्या हरवलेल्या टिपणांतली ही पहिली ओळ असावी, असं मला वाटलं, पण मी विचारलं नाही.

घरी आले तेव्हा आई जागी होती. पाटावरची हत्यारं तशीच होती, फुलं जरा सुकली होती.

दसऱ्याला मुलं आली, बाईंनी प्रत्येक संगणकावर आपट्याचं पान ठेवलं. मी प्रत्येक अडॅप्टरवर पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर चिपचा नंबर लिहिला होता. उद्या एखादा बिघडला तर तो बघून दुसरा आणता येईल. ते सात अडॅप्टर परत पाठवले, पैसे आठ दिवसांत मिळाले. नाशिकरोडच्या काकांनी माझा कागद काउंटरच्या काचेखाली ठेवला आहे. दिवाळीनंतर त्यांचा फोन आला, "ताई, ९२७१ दोन मिळालेत, येताय ना?" दोन जोड्यांच्या केबल काढल्या. तिसरी अजून आहे.