मंजूर झालेला पैसा आणि पाच तारखेची खानावळ

गरीब घरातलं पोर कॉलेज सोडतं तेव्हा दाखल्याच्या अर्जावर कारण लिहिलेलं असतं, ‘घरगुती अडचण’. त्या दोन शब्दांमागे बहुतेक वेळा साधा हिशेब असतो. खानावळीचे पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला द्यायचे असतात आणि शिष्यवृत्ती येते फेब्रुवारीत, मार्चमध्ये, कधी तर पुढचं वर्ष सुरू झाल्यावर. योजना असतात, पात्रता असते, अर्जही मंजूर होतो. मुलं गळतात ती मंजुरी आणि हातात पडणारा पैसा यांच्या मधल्या महिन्यांत.

ज्यांच्याकडे यंदा विद्यार्थी विकास अधिकाऱ्याचा किंवा शिष्यवृत्तीचा चार्ज आला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. किती अर्ज भरून घेतले, हा आकडा अहवालाला पुरतो. आपण मोजायचा आकडा वेगळा: कोणत्या मुलाच्या खात्यात कोणत्या महिन्यात किती रुपये पडले.

सुरुवात प्रवेशाच्या पहिल्या दोन आठवड्यांत करा. ‘कमवा आणि शिका’च्या, म्हणजे कॉलेजात काम करून मानधन मिळवायच्या योजनेच्या, अर्जात वार्षिक उत्पन्न विचारलेलं असतंच, पण त्या आकड्यावरून गरज कळत नाही. आणखी चार प्रश्न विचारा. राहायला कुठे, आणि खोलीचं भाडं कोणत्या तारखेला? जेवण मेसचं, डब्याचं की हातानं करून? घरून पैसे येतात का, आणि कोणत्या महिन्यात? आई-वडील वर्षभर गावात असतात का? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. ऊसतोडीला जाणारं कुटुंब दसऱ्याच्या सुमारास गाव सोडतं ते मार्च-एप्रिलमध्ये परततं. त्या काळात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्यासमोर उभं राहायला घरी कोणी नसतं. अशा मुलांची यादी वेगळी काढायची आणि उत्पन्न, जात, रहिवास, रेशनकार्डाची प्रत ही सगळी कागदपत्रं दसऱ्याच्या आत पुरी करून घ्यायची. हे एवढं केलं तरी दरवर्षीचे कितीतरी अडकलेले अर्ज वाचतात.

आता बँक खातं. या कामात सर्वांत जास्त पैसा इथे अडतो आणि सर्वांत कमी लक्षही इथेच दिलं जातं.

मुलं सांगतात, “सर, आधार लिंक आहे.” खरंच असतं. पण खात्याला केवायसीसाठी आधार जोडणं वेगळं आणि थेट लाभाचे पैसे त्याच खात्यात यावेत म्हणून आधार सीड करणं वेगळं. शासनाचा पैसा आधार क्रमांकावर निघतो आणि त्या आधाराशी शेवटी जी बँक सीड झाली असेल, तिथे जाऊन पडतो. अर्जावर लिहिलेला खाते क्रमांक तिथे कामाला येत नाही. त्यामुळे होतं असं की मुलगा राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुक घेऊन सहा महिने चकरा मारतो आणि पैसे पडून असतात दुसऱ्याच खात्यात, जे त्यानं कधीतरी मोबाईलवर घाईघाईत उघडलेलं असतं. काही वेळा ते खातं बंदही पडलेलं असतं, मग रक्कम परत जाते.

उपाय दहा मिनिटांचा आहे. आधारच्या संकेतस्थळावर मुलानं स्वतः लॉगिन करायचं, बँक सीडिंगची स्थिती उघडायची आणि तिथे दिसणारं बँकेचं नाव व ‘सक्रिय’ हा शेरा आपल्या वहीत लिहायचा. तारखेसकट. लॉगिनला ओटीपी लागतो आणि तो आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो. तो नंबर अनेकदा वडिलांच्या जुन्या, बंद पडलेल्या सिमचा निघतो. म्हणजे आधी आधार केंद्रावर नंबर बदलायचा, मग सीडिंग बघायचं. ही साखळी ऑगस्टमध्ये सुटली तर ठीक, जानेवारीत उलगडायला घेतली तर वर्ष गेलं.

खात्याची आणखी दोन दुखणी आहेत. शाळेत असताना अल्पवयीन म्हणून उघडलेलं खातं अठरा पूर्ण झाल्यावर नव्यानं केवायसी मागतं. ती केली नाही तर व्यवहार थांबतात. आणि दोन वर्षं खातेदारानं स्वतः एकही व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय गणलं जातं. म्हणून पासबुकाची पहिली पानं बघून समाधान मानू नका. शेवटच्या नोंदीचं पान उघडायला सांगा, मुलानं स्वतः पैसे भरल्याची किंवा काढल्याची तारीख कधीची आहे ते बघा.

महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या अर्जाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण मार्गदर्शनाचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. अर्ज मुलाकडून कॉलेजच्या क्लार्ककडे, तिथून प्राचार्यांच्या लॉगिनला आणि पुढे शासनाच्या संबंधित विभागाकडे जातो. विद्यार्थी ‘सबमिट’ म्हणतो तेव्हा अर्ज फक्त आपल्या दारात आलेला असतो. आपल्या लॉगिनला पडून राहिलेला अर्ज हा आपला दोष, मुलाचा नव्हे. म्हणून आठवड्यातला एक दिवस फक्त छाननीचा ठेवा आणि त्या दिवशी दोन्ही लॉगिन रिकामी करूनच उठा. त्याआधी, वर्षाच्या सुरुवातीलाच, कॉलेजची माहिती, अभ्यासक्रम आणि फीची रचना पोर्टलवर अद्ययावत आहे का ते पाहा. नाहीतर मुलाला यादीत आपला अभ्यासक्रमच सापडत नाही आणि तो जवळचा वाटेल तो निवडून मोकळा होतो.

अर्ज त्रुटीत जातो तो ठरावीक कारणांनी. आधारवर नाव एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं. मध्ये एक वर्ष शिक्षण थांबलेलं, पण गॅप प्रमाणपत्र नाही. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपलेला. दाखल्यावर वडिलांचं उत्पन्न आणि अर्जात आईचं. स्कॅन इतका पुसट की बारकोड वाचता येत नाही. अर्ज परत पाठवताना ‘कागदपत्रे अपूर्ण’ असं लिहू नका. ‘उत्पन्नाचा दाखला मागील वर्षाचा आहे, चालू वर्षाचा जोडा’ असं लिहा. मूल सायबर कॅफेत तीस-चाळीस रुपये मोजून बसलेलं असतं, त्याला एका फेरीत काम उरकता आलं पाहिजे.

पात्रतेच्या मर्यादा मुलांना पहिल्याच बैठकीत सांगाव्यात. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा २.५ लाख आहे, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची ८ लाख. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० आणि केंद्राचा वाटा २०२१ पासून थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो. त्यातली फी मुलानं कॉलेजला भरायची असते. इथे फार जपून वागावं लागतं. ज्या घरात एकरकमी इतके पैसे कधी आले नाहीत, तिथे ते आजारपणात किंवा उसनवारी फेडण्यात सहज जातात आणि मग परीक्षेच्या वेळी फीचा तगादा लागतो. रक्कम येण्याआधीच मुलाला एक चिठ्ठी द्यावी: यातली फी इतकी, तुझा निर्वाहभत्ता इतका.

आता ‘कमवा आणि शिका’. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. श्रम आणि शिक्षण एकाच दिवसात बसवण्याची वहिवाट तिथून महाराष्ट्रभर पसरली. आजची विद्यापीठांची योजना त्याच वाटेवरची आहे आणि मला ती सगळ्या योजनांत मोलाची वाटते, कारण हिचा पैसा दर महिन्याला देता येतो. इतर कुठल्या योजनेला हे जमत नाही. म्हणून तिचा हप्ता एकदा जरी लांबला तरी तिचा अर्थच जातो.

तासाचा दर विद्यापीठाच्या परिपत्रकात असतो. समजा तो ५० रुपये आहे. रोज दोन तास, महिन्याचे वीस दिवस, म्हणजे ४० तास आणि २,००० रुपये. या रकमेत मेस पूर्ण निघत नाही, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगावं. उरलेलं कुठून येणार, ते त्याच्यासोबत बसून कागदावर मांडावं. तास वाढवून देणं हा सोपा उपाय वाटतो, पण तो अभ्यासाच्या मुळावर येतो.

हजेरीपट कसा असावा, ते नीट सांगतो. प्रत्येक मुलाचं एक पान. रकाने सहा: तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, तास, केलेलं काम, विभागप्रमुखाची सही. ‘केलेलं काम’ या रकान्यात ‘ग्रंथालय काम’ असं लिहिलेलं चालवू नका. ‘वाणिज्य विभागाची ६० पुस्तकं, दाखलनोंदीशी पडताळणी’ असं हवं. सही रोजच्या रोज. महिन्याच्या शेवटी एकाच पेनानं, एकाच दमात केलेल्या वीस सह्या लेखापरीक्षकाला पान उघडताक्षणी कळतात. आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात मुलाचं वेळापत्रक चिकटवा. आक्षेप निघतो तो बहुधा यावरच: मंगळवारी अकरा ते एक काम दाखवलंय आणि त्याच वेळी वर्गाच्या हजेरीत तो उपस्थित. दोन्हींपैकी एक खोटं ठरतं आणि वसुली मुलाच्या माथी येते.

पैशाची साखळी अशी ठेवा. पानं २५ तारखेला गोळा, २८ पर्यंत पगारपत्रक, ३० ला प्राचार्यांची सही, पाच तारखेच्या आत खात्यात. राहिलेल्या दिवसांचे तास पुढच्या महिन्यात. विद्यापीठाच्या वाट्याचे पैसे उशिरा येतात, म्हणून मुलांचं मानधन थांबवायचं नाही. कॉलेजनं वर्षाच्या सुरुवातीला व्यवस्थापनाकडून अग्रिम मंजूर करून घ्यायचा, त्यातून वाटायचं आणि अनुदान आलं की वळतं करायचं. वीस मुलं, महिना २,००० प्रमाणे तीन महिन्यांचे १,२०,००० होतात. बहुतेक कॉलेजांना एवढा अग्रिम झेपतो, मागायला मात्र जून-जुलैतच हवा. विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान कशावर खर्च झालं त्याचा दाखला, वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो, हे लेखा विभागाच्या कानावर आधीच घालून ठेवा.

काम कोणतं द्यायचं, यावर मी ठाम आहे. मैदान झाडण्यात कमीपणा काहीच नाही, पण वर्गातल्या मुलांसमोर झाडू हातात घेणारा नेहमी योजनेतलाच मुलगा असेल, तर आपण त्याच्या गरिबीची पाटी त्याच्या गळ्यात अडकवतो. अशी कामं पाळीनं आणि विचारून द्यावीत. प्रयोगशाळेतली द्रावणं तयार करणं, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर नोंदी, ग्रंथालयाची संगणकीय यादी, वनस्पतींचे नमुने वाळवून लावणं, कॉलेजच्या संकेतस्थळावरची माहिती भरणं, यांतून मुलाच्या हाताला पुढे नोकरीला उपयोगी पडेल असं काही लागतं. वर्षाअखेरीस ‘योजनेत सहभाग’ असं मोघम प्रमाणपत्र देऊ नका. त्यावर तास आणि काम लिहा: ‘२८० तास, टॅलीवर खरेदी-विक्री नोंदी’.

मुलींच्या बाबतीत गाडीची वेळ आधी, कामाची वेळ मागून. शेवटची एसटी साडेपाचला असेल तर चार ते सहाचं काम देऊन उपयोग नाही. तिला सकाळी पहिल्या तासाआधी द्या किंवा मधल्या सुट्टीला लागून. एसटीच्या विद्यार्थी पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे, पण त्यासाठी कॉलेजचा शिक्का वेळेवर हवा. पहिल्या आठवड्यात शिक्क्यासाठी मुलींना तीन दिवस थांबवलं की तीन दिवसांचं तिकीट त्यांच्या खिशातून जातं.

याशिवाय एक छोटा तातडीचा निधी हवाच. ५०० ते ३,००० रुपये, दोन सह्यांवर, त्याच दिवशी. परीक्षा अर्जाची शेवटची तारीख, चष्मा फुटणं, अचानक गावी जावं लागणं, एवढ्याचसाठी. उत्पन्नाचा दाखला मागू नका, समितीची बैठक लावू नका. ज्याला आज दुपारी पैसे लागतात त्याला पुढच्या सोमवारी मिळून फायदा नाही. परतफेडीची सक्ती नसावी. नोंदवहीत नाव असावं, सूचनाफलकावर नाही.

नव्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे बाहेरच्या आस्थापनेत प्रत्यक्ष काम करून शिकणं, आलं आहे. चार श्रेयांक (क्रेडिट), म्हणजे १२० तास. सुस्थितीतल्या घरातल्या मुलासाठी तो अनुभव असतो. ‘कमवा आणि शिका’तल्या मुलासाठी १२० तास बिनपगारी, वर रोजचं भाडं आणि तेवढे दिवस कॉलेजातले कामाचे तासही बुडाले. या मुलांच्या जागा आधी ठरवा, उरलेल्यांच्या नंतर: मानधन देणारी आस्थापना असेल तर तिथे, नाहीतर चालत जाता येईल अशा अंतरावर. आस्थापनेला पत्र लिहितानाच प्रवासभत्त्याचा मुद्दा घाला. विचारलं तर पुष्कळ जण देतात. पदवीनंतर पगारी शिकाऊ उमेदवारीची वाट आहे. केंद्राच्या शिकाऊ उमेदवारीच्या योजनेत पदवीधरांच्या किमान विद्यावेतनातला निम्मा वाटा सरकार उचलतं, आस्थापनांना हे ठाऊक नसतं. या योजनेच्या पोर्टलवर मुलांची नोंदणी शेवटच्या सत्रातच करून घ्यावी.

आणि एप्रिल. परीक्षा संपते, वसतिगृह रिकामं होतं, मुलं गावी किंवा कामावर जातात. नूतनीकरणाचे अर्ज निघतात तेव्हा निम्म्यांचे फोन लागत नाहीत. शेवटच्या पेपरच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येकाचे दोन नंबर घ्या, एक घरातला आणि एक गावातल्या कुणा शेजाऱ्याचा. त्याच वेळी एक छापील चिठ्ठी हातात द्या: सुट्टीत नवा उत्पन्नाचा दाखला काढायचा, निकालाची प्रत जपायची, आधारला जोडलेलं सिम बंद पडू द्यायचं नाही, आणि बँकेत जाऊन शंभर रुपये भरून पन्नास काढायचे.