गच्चीवरच्या अडेनियमचा हिवाळा

मागच्या जानेवारीत माझं सर्वांत जुनं, आठ वर्षांचं अडेनियम (डेझर्ट रोज, बुंध्याशी फुगीर गड्डा असलेलं फुलझाड) गेलं. फांद्या हिरव्याच होत्या, पण बोटानं दाबलं तर गड्डा पिकल्या चिकूसारखा मऊ लागला. म्हणून यंदा अकरा अडेनियम, तीन जासवंदी आणि एक पांढरा चाफा यांची थंडीभर वही ठेवली.

आपल्या सोलापूरची थंडी फसवी. दुपारी पारा तिशीच्या आसपास, पहाटे बारा-तेरावर. उन्हात कुंडीची माती खडखडीत दिसते आणि हात झारीकडे जातो. पण रात्रभर गारठलेली मुळं पाणी ओढत नाहीत, ते मातीत तसंच राहतं. माझं जुनं झाड थंडीनं नाही, माझ्याच पाण्यानं गेलं, याची मला आता खात्री आहे. सहाराच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा, पूर्व आफ्रिका, अरबस्तान हे अडेनियमचं घर. गड्ड्यात पाणी साठवून ते महिनोन्‌महिने तग धरतं.

दिवाळी झाल्यावर खत बंद केलं, कारण त्यावर फुटलेली कोवळी पालवी गारठ्यात पहिली मार खाते. पाणी डिसेंबरमध्ये दोनदाच दिलं, तेही सकाळी दहानंतर, अर्धा तांब्या.

कुंड्या टाकीच्या दक्षिणेकडच्या भिंतीला लावल्या. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. निरभ्र रात्री उघड्यावर पानं हवेपेक्षाही गार पडतात, म्हणून बांबूच्या चौकटीवर जुनी सोलापुरी चादर टाकायचो आणि ऊन आलं की काढायचो. उघड्यावर १२ अंश असताना चादरीखाली १४-१५ मिळाले. प्लॅस्टिक मी वापरत नाही. आतून घाम धरतं आणि बुरशी येते.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, म्हणजे आमच्या 'गड्डा यात्रे'च्या दिवसांत वहीतला नीचांक लागला, ११ अंश. पाच अडेनियमची पानं पिवळी होऊन गळली. आई म्हणाली, "मेली रे ही." नखानं साल खरवडून दाखवली, आत हिरवी होती. (चीक लागला तर हात लगेच धुवा. आफ्रिकेत तो बाणांना लावायचे. चाफा आणि कण्हेर याच कुळातले.) चाफा दर वर्षीसारखा निष्पर्ण झाला, त्याची काळजी नाही. जासवंदीवर पिठ्या ढेकूण ही पांढरी कापसासारखी कीड आली, निंबोळी तेलाच्या दोन फवारण्यांत आटोक्यात आली.

२२ जानेवारीला मात्र एका लाल, दुहेरी पाकळ्यांच्या अडेनियमच्या कलमाचा गड्डा खालून मऊ लागला. त्याची कुंडी पन्हाळीखाली होती, वरच्या टाकीचं पाणी झिरपत होतं आणि ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लगेच उपसलं. निर्जंतुक सुरीनं तपकिरी भाग कापत गेलो, पांढरा स्वच्छ गर लागेपर्यंत. जवळजवळ निम्मा गड्डा गेला. कापावर बुरशीनाशक लावलं, दहा दिवस सावलीत टांगून ठेवलं आणि मग बारीक खडी व कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याचा भुसा) कोरड्या मिश्रणात बसवलं.

आज २६ फेब्रुवारी. रात्री आता १८ च्या खाली जात नाहीत. दहाही झाडांना टोकाशी फूट आहे, दोघांवर कळ्या. पाणी आठवड्यातून एकदा सुरू केलंय. ते कापलेलं कलम अजून तसंच उभं आहे, गड्डा सुरकुतलाय पण टणक आहे. मार्चच्या पहिल्या रविवारी हळूच उकरून मुळं सुटलीत का बघतो. तुमच्यापैकी कुणी इतका गड्डा कापून झाड वाचवलं असेल, तर पहिलं पाणी किती दिवसांनी दिलंत ते जरूर सांगा.